बेळगावात बसून मोठी रेडिओ मुलाखत कशी घ्यायची: कलाकार, सिनेमावाले आणि राजकीय पत्रकार

पाहुणा माईकसमोर बसला की पहिलाच प्रश्न सीमाप्रश्नावर टाकू नका. बाकी सगळं नंतर सांगतो, खरं (आपल्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात) हे आधी, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मुलाखती इथंच संपतात. आपल्या भागातला कुठलाही वयस्क गायक घ्या, चित्रकार घ्या, पत्रकाराचं तर विचारूच नका, त्यांना हा प्रश्न तीस-चाळीस वर्षं विचारला गेलाय आणि उत्तर तोंडपाठ झालंय, १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला दावा, पाच मिनिटांत सगळं सांगून होतंय. आणि माणूस एकदा पाठ केलेल्या आवाजात बोलायला लागला की पुढचा तासभर त्याच आवाजात बोलतोय, तुम्ही काही करा. प्रश्न महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही, आपल्या घराघरातला प्रश्न आहे तो, म्हणूनच तो नीट यायला पाहिजे. तो कामाच्या रस्त्यानं येऊ द्या. माणूस हातानं काय करतो ते विचारा, ते सांगता सांगता मत, राग, दुःख सगळं आपसूक बाहेर येतंय आणि ते ऐकणाऱ्याला खरं वाटतंय.

मी गेली काही वर्षं तास-दीड तासाच्या मुलाखती रेकॉर्ड करतोय, कधी रेडिओसाठी कधी पॉडकास्टसाठी. नवीन पोरंपोरी विचारतात म्हणून जे जमलंय ते लिहितोय.

आधी ठरवा कुठं वाजणार

हे आधी ठरवा नाहीतर मेहनत वाया जाते. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी ९०.४ एफएम हे कम्युनिटी रेडिओ स्टेशन आहे, आकाशवाणी म्हटलं तर धारवाड जवळ, मराठीसाठी सांगली, कोल्हापूर. कम्युनिटी रेडिओची ताकद धोरणाप्रमाणं साधारण १०० वॉटपर्यंत असते, म्हणजे शहर आणि आजूबाजूची दहा-पंधरा किलोमीटरमधली गावं, निपाणीला ते ऐकू जायचं नाही. म्हणून सोबत नेटवर टाकायचं की नाही हेही स्टेशनशी आधीच बोलून घ्या.

दुसरं म्हणजे कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम करायची परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात तेवढंच. मग राजकीय पत्रकाराला बोलवायचंच नाही का? बोलवायचं की. त्यांच्या धंद्याबद्दल बोला, जुना प्रेस, बातमी लिहायची पद्धत, भाषा, बदललेलं शहर, यावर दोन तास निघतात. चालू निवडणूक, अमका आमदार तमका मंत्री हे सगळं पॉडकास्टला ठेवा. स्टेशनवाल्यांना अंधारात ठेवून भलतं काही वाजवू नका, लायसन त्यांचं जातंय.

तयारी, आणि यातच निम्मं काम आहे

एका तासाच्या मुलाखतीला मी निदान आठवडा तयारी करतो. जास्त वाटेल, पण समोरचा माणूस पन्नास वर्षं एक काम करत आलाय, त्याच्यासाठी आठवडा काहीच नाही.

सुरुवात वाचनालयापासून करा. जुन्या अंकांच्या फायली बघायला मिळाल्या तर सोडू नका. बेळगावचं 'तरुण भारत' १९१९ पासूनचं, म्हणजे इथल्या नाटकाची, मैफिलीची, प्रदर्शनाची बारकी बातमी कुठंतरी छापलेली असतेच. पाहुण्याच्या पहिल्या कार्यक्रमाची चार ओळींची बातमी सापडली तर तिचा फोटो काढून घ्या आणि मुलाखतीत त्यांच्या हातात द्या. एका तबलजींना मी असं कात्रण दिलं, ते दोन मिनिटं नुसतं बघत बसले आणि मग म्हणाले, 'ह्यात माझं नाव चुकलंय, त्या दिवशी आई लई रडलेली.' तिथून पुढं मला प्रश्नच विचारावा लागला नाही.

मग परंपरा बघा. चित्रकार बेळगावचा असेल तर के. बी. कुलकर्णींचं नाव येणारच, त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत रवी परांजपेंसारखे चित्रकार आहेत. हे तुम्हाला माहीत असेल तर 'तुम्हाला चित्रकलेची आवड कशी लागली' हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, तुम्ही थेट विचारू शकता की मॉडेल समोर बसवून काम करताना पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही काय बघता, आधी सावली बघता की रेषा. गायक असेल तर आकाशवाणीची ऑडिशन विचारा. धारवाड केंद्र १९५० चं, सांगली १९६३ चं, आपल्याकडच्या कितीतरी कलाकारांनी तिथं ऑडिशन दिलीय, बी, बी हाय, ए असे ग्रेड असतात. कुठला राग म्हटला, काचेपलीकडं कोण बसलंय ते दिसत होतं का, रिझल्टचं पत्र कुणी उघडलं, एवढं विचारलं तरी पंधरा मिनिटं सोन्यासारखी जातात.

आणि जी वर्षं काम बंद होतं ती शोधा. हे मला कुमार गंधर्वांकडं बघून सुचलं. ते आपल्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, लहानपणीच मुंबईला देवधर मास्तरांकडं गेले, नाव झालं, आणि मग क्षयरोगानं गाणं काही वर्षं पूर्ण बंद, देवासला पडून राहायचं आणि बाहेरून येणारी माळव्याची लोकगीतं ऐकायची. पुढं त्यांचं गाणं ज्या वाटेनं गेलं तिला त्या गप्प बसलेल्या वर्षांनी केवढं दिलं! प्रत्येक कलाकाराच्या आयुष्यात असा एक काळ असतोय, आजारपण, नोकरी, बाळंतपण, घरातली भांडणं, लॉकडाउन, आणि बायोडाटात तिथं नुसती मोकळी जागा असते. बायोडाटा वाचताना मी त्या मोकळ्या जागेवर पेन्सिलीनं गोल करतो.

प्रश्न लिहा, खरं वीसच्या वर नको. मुलाखतीला जाताना तो कागद खिशात ठेवा. समोर धरला की पाहुणा बोलत असताना तुमची नजर पुढच्या प्रश्नावर जाते आणि त्याला ते लगेच कळतंय.

जागा आणि आवाज

स्टुडिओ मिळाला तर उत्तम. खरं माझा अनुभव असा की वयस्क कलाकार स्वतःच्या घरात जास्त मोकळं बोलतात, मग घरातला आवाज तुम्हाला सांभाळावा लागतोय.

आदल्या दिवशी जाऊन त्याच वेळेला दहा मिनिटं गप्प बसून ऐका. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ घर असेल तर गाडीच्या वेळा लिहून घ्या. वडगावात, शहापुरात शेजारी माग चालू असतो, तो कधी बंद असतो ते विचारा, जेवणाच्या सुट्टीत बऱ्याचदा तासभर शांतता मिळते. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या घरात रेकॉर्डिंग धरूच नका, बेळगावचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, माईकचं तर सोडा. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (परत चालू करायला विसरू नका, मी तुमची गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा म्हणतो, म्हणजे आठवण राहते), सगळ्यांचे मोबाईल विमान मोडवर. खोली घुमत असेल तर वाकळा आणि चादरी मागून घ्या, एक भिंतीवर अडकवा आणि एक टेबलावर टाका. वाकळेसारखं स्वस्त आणि चांगलं काही नाही.

माईक दोन पाहिजेत, एक त्यांना एक तुम्हाला. तोंडापासून एक वीत अंतर, आणि अगदी समोर नको, थोडा कडेला, म्हणजे प, फ, भ चा फटका बसत नाही. गोंगाटाच्या जागी डायनॅमिक माईक बरा, तो लांबचा आवाज कमी घेतो. फाईल वेव्ह (WAV) ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका माईकची एका तासाची फाईल साधारण पाचशे एमबी होते, कार्ड त्या हिशोबानं घ्या. लेव्हल मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास. हेडफोन तुमच्या कानावर पूर्ण वेळ पाहिजे, लाज वाटू देऊ नका. सोबत मोबाईलवर दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवा. एकदा एका लोककलाकाराचं सव्वा तास रेकॉर्डिंग माझ्या कार्डावर उमटलंच नाही आणि परत गेलो तेव्हा त्या बाई आजारी होत्या, ते बोलणं कायमचं गेलं. तेव्हापासून दोन मशीन शिवाय मी बसत नाही.

उठायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. एडिटिंगला जोड द्यायला तोच लागतो.

पाहुणा पुण्या-मुंबईचा असेल तर फोनचा आवाज वापरू नका. फोनवर बोला, पण दोघांनी आपापल्या जागी आपापला आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे दोन फायली जुळवता येतात. अमेरिकेत टेरी ग्रोस १९७५ पासून फिलाडेल्फियाहून मुलाखती घेतायत आणि त्यांचे बहुतेक पाहुणे दुसऱ्याच शहरात बसलेले असतात, तरी लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करतात.

त्यांचीच एक सवय मी उचललीय. सुरुवातीलाच पाहुण्याला सांगायचं की एखादा प्रश्न फार खाजगी वाटला तर नको म्हणा, मी पुढं जातो. हे सांगितलं की माणूस उलट जास्त बोलतो, कारण दार त्याच्या हातात असतं.

भाषा

आपल्या भागात याच्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. पाहुणा माईक बघितला की पुणेरी मराठी बोलायला जातो, 'मी जेव्हा शिक्षण घेत होतो त्यावेळेस', आणि सगळा जीव निघून जातो. तुम्ही स्वतः बेळगावी बोला, 'काय करत होता हो तेव्हा, सांगा की', तो आपोआप घरच्या भाषेत येतो. मध्येच कन्नड वाक्य आलं तर थांबवू नका, कापूही नका. आपली माणसं आईबद्दल एका भाषेत बोलतात, बाजाराबद्दल दुसऱ्या, माणूस कुठल्या क्षणाला भाषा बदलतो तेच ऐकण्यासारखं असतंय.

गोकाककडचा श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचा कलाकार असेल तर सगळी मुलाखत कन्नडमध्येच घ्या, कौजलगी निंगम्मांसारख्या कलाकारांनी मोठा केलेला खेळ आहे तो, त्याचं बोलणं मराठीत करायला लावणं अन्याय आहे. तुम्हाला तेवढं कन्नड येत नसेल तर येणाऱ्या मित्राला शेजारी बसवा. मराठी ऐकणाऱ्यांसाठी मूळ आवाज पाच-सहा सेकंद स्वच्छ ऐकू द्या, मग खाली घेऊन वर मराठी वाचा, आणि वाक्याच्या शेवटी मूळ आवाज परत वर आणा. वाचणाऱ्यानं अभिनय करायचा नाही, साधं वाचायचं.

आणि एडिट करणारा बाहेरचा असेल तर त्याला आपलं 'खरं' समजावून सांगा. आपण 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो. 'मला जायचं होतं, खरं...' इथं पुण्याच्या एका पोरानं वाक्य संपलं समजून कापलं होतं आणि अर्थ उलटा झाला. 'खरं'नंतर माणूस थांबतो आणि मग जे बोलतो तेच त्याचं मुख्य असतं.

बोलताना

पहिली दहा मिनिटं वापरायची नाहीत असं धरूनच चला. सोप्या गोष्टी विचारा, हे घर कधी बांधलं, हा तंबोरा कुठला.

शिकागोच्या स्टड्स टर्केलनी १९५२ ते १९९७ इतकी वर्षं रेडिओवर मुलाखती घेतल्या, त्यांना टेपरेकॉर्डर धड चालवता यायचा नाही, आणि समोरचा माणूसच मदतीला यायचा आणि मोकळा व्हायचा. मुद्दाम असं करायला जाऊ नका, मशीन तुम्हाला आलंच पाहिजे. खरं तुम्ही मोठे आणि तो लहान असं त्याला कुठंही वाटता कामा नये, एवढं त्यातून घ्या.

उत्तर संपलं की लगेच बोलू नका. मनात चार आकडे मोजा. माणूस थांबतो, श्वास घेतो आणि मग दुसरं उत्तर देतो, पहिल्यापेक्षा ते कितीतरी आतलं असतंय. मान हलवा, 'हं हं' करू नका, ते रेकॉर्डिंगमध्ये फार टोचतं.

'कसं वाटलं?' हा प्रश्न मी सोडून दिलाय. 'मग काय केलं?' विचारतो. सत्कार झाल्यावर कसं वाटलं विचारलं तर 'आनंद झाला' येतं. सत्कारानंतर घरी कसे गेलात विचारलं तर एका कलाकारानं सांगितलं की शेवटची बस चुकली आणि शाल पांघरून ते स्टँडवरच झोपले. वयस्क बाईंना मावशी किंवा अक्का म्हणा, पुरुषांना अण्णा, मामा, शिक्षक असतील तर सर, त्यांना जे आवडतं ते आधी विचारून घ्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्यांकडं जाताना आणखी एक. काही गाणी पूजेतलीच असतात, रेकॉर्ड करू का हे प्रत्येक गाण्याला वेगळं विचारा. चौंडकं हे त्यांचं वाद्य आणि गळा दोन्ही जोरात असतात, माईक तीन-चार फूट लांब न्या आणि लेव्हल खाली घ्या. बोलणं आणि गाणं एकाच सेटिंगवर घेतलं तर गाणं फाटतं. आणि त्यांना पैसे द्या. रेडिओवर नाव येईल हा मोबदला नाही.

सिनेमावाल्यांना

रेडिओवर चित्र दिसत नाही ही अडचण समजू नका. दिग्दर्शकाला एकच शॉट निवडायला सांगा आणि तो शॉट शब्दांत दाखवायला सांगा, कॅमेरा कुठं, उजेड कुठून, माणूस कुठं उभा, मागं काय आवाज. खानापूरच्या जंगलात शॉर्टफिल्म केलेल्या एका पोरानं मला एका पहाटेच्या शॉटबद्दल वीस मिनिटं सांगितलं, धुकं उतरायची वाट बघत चार दिवस बसले होते आणि जेवण गावातल्या घरांनी दिलं. बजेटची सगळी गोष्ट त्यातच आली, वेगळं विचारायला लागलं नाही. कापून टाकलेला सीन कुठला, तो का कापला, हेही विचारा. सिनेमातला आवाजाचा तुकडा वाजवायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, गाण्याचे हक्क बऱ्याचदा दिग्दर्शकाकडं नसतात, म्युझिक कंपनीकडं असतात.

राजकीय पत्रकार

हे सगळ्यात अवघड, कारण हा माणूस स्वतः आयुष्यभर प्रश्न विचारत आलाय आणि तुमचा प्रश्न कुठं चाललाय ते त्याला आधीच दिसतंय. त्यांच्याकडं मतं भरपूर असतात आणि ती छापूनही आलेली असतात, ती परत काढण्यात वेळ घालवू नका. पद्धत विचारा. निपाणीच्या एका निवृत्त पत्रकारांना मी विचारलं की बातमी बेळगावला पोचायची कशी, तर ते म्हणाले पाकीट करून बसच्या कंडक्टरकडं द्यायचो, आणि महत्त्वाचं असलं तर प्रेस टेलिग्राम. मग कंडक्टर महाराष्ट्राच्या बसचा की कर्नाटकच्या हे विचारलं, आणि तिथून आंदोलनाच्या दिवसांत कुठली बस बंद असायची, कोण पाकीट घ्यायला घाबरायचं, कोण कन्नड बोलणारा कंडक्टर गुपचूप न्यायचा, असं करत अख्खा सीमाभाग बाहेर आला. मी 'सीमाप्रश्न' हा शब्द उच्चारलाही नव्हता.

१९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन पाहिलेले पत्रकार अजून आहेत. त्यांना 'आंदोलनाबद्दल सांगा' म्हणू नका. त्या दिवशी सकाळी घरातून किती वाजता निघालात, खिशात काय होतं, फोटोचा रोल कुठं धुतला, रात्री कॉपी कुणी तपासली, कुठली ओळ काढून टाकली, असं विचारा. २०१२ ला बेळगावात सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत झाली, त्यानंतर अधिवेशनाच्या दिवसांत त्यांचं काम काय बदललं ते विचारा. १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन, एकच माणूस दोन्ही कव्हर करत असेल तर आधी कुठं जातो? मथळा कुठला होतो? आणि हाच प्रश्न कन्नड पेपरच्या पत्रकारालाही विचारा, दोन मुलाखती शेजारी शेजारी ठेवून वाजवा. असलं काम बाहेरून येऊन कोणी करणार नाही, ते आपणच करायला पाहिजे.

चुकलेली बातमी विचारा. शांतपणे, शेवटच्या भागात, 'अशी एखादी बातमी की जी आज वेगळी लिहिली असती?' चांगला पत्रकार या प्रश्नाला उत्तर देतोच. सोर्सचं नाव मात्र कधीही काढायला जाऊ नका. 'हे बंद करून सांगतो' म्हणाले तर खरोखर बंद करा, मशीनचा दिवा विझलेला त्यांना दाखवा.

नंतर नावं आणि तारखा तपासा, वय झालं की साल मागंपुढं होतंय, त्यात कमीपणा नाही, फोन करून विचारा आणि दुरुस्त करून घ्या. एखाद्या जिवंत माणसावर आरोप आला आणि कागद नसेल तर तेवढा भाग काढा, बदनामीचा दावा वाजवणाऱ्यावरही होतो. भाषेच्या नावानं तेढ वाढवणाऱ्या बोलण्यालाही कायद्यात शिक्षा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याला उद्या याच गल्लीत राहायचंय.

एडिटिंग

दीड तासाचे अठ्ठावीस मिनिटं करायचे असतील तर आधी सगळं एकदा ऐका, हात न लावता, वहीत वेळ आणि एक ओळ लिहीत. दुसऱ्या दिवशी वही बघा, जे वहीशिवाय आठवतंय ते ठेवा. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरतं. स्वतःचे प्रश्न आधी कापा, पाहुण्याचे श्वास आणि थांबणं ठेवा. मध्ये संगीत घालायचा मोह होतो, मी फक्त पाहुण्यानं स्वतः वाजवलेलं किंवा त्या घरातलं घालतो, माग, देवघरातली घंटा, गेटवरची गाडी. वाक्यांचा क्रम बदलला तर चालतो, अर्थ बदलता कामा नये, शंका आली तर तो तुकडा पाहुण्याला ऐकवा.

फायलीला नाव देताना तारीख, गाव, पाहुण्याचं नाव, भाषा हे चारही लिहा, आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग दोन वेगळ्या डिस्कवर दोन वेगळ्या घरात ठेवा. परवानगी सुरुवातीलाच रेकॉर्डिंगवर घ्या, कुठं वाजणार, नेटवर राहणार का, हे सगळं त्यात बोलून. आणि एक कॉपी पेनड्राईव्हवर टाकून त्यांच्या घरी स्वतः नेऊन द्या, लिंक पाठवून सोडू नका, बऱ्याच घरांत ती उघडून देणारं कोणी नसतं. टीव्हीला पेनड्राईव्ह कसा लावायचा ते दाखवा, सुरू करून द्या आणि पहिली पाच मिनिटं त्यांच्यासोबत बसा.